पॅनेलवर १६० दिसतं, पण जॉच्या तोंडावर किती?

प्रश्न थोडक्यात असा आहे. फरसाणाचा छोटा कारखाना, उभी एफएफएस मशीन (फिल्मचं पाऊच बनवून, भरून, सील करणारी), २०० ग्रॅमचं पाऊच, बाहेरून पॉलिएस्टर आणि आतून पॉली असलेली लॅमिनेट फिल्म. आडव्या सीलच्या पुढच्या-मागच्या जॉना (सील दाबणाऱ्या तापलेल्या जबड्यांना) साधे ऑन-ऑफ टेंपरेचर कंट्रोलर, दोन्ही १६० अंशांवर. सकाळी कंट्रोलरवर १६० आल्यानंतरही पंधरा-वीस मिनिटं पाकिटं कोपऱ्यात लीक होतात. रोल बदलायला मशीन थांबलं की पुन्हा चालू करताना पहिल्या चार-पाच पाकिटांचं सील करपतं. आणि दिवसभर आकडा १५२ ते १६८ मध्ये खालीवर होत राहतो. पीआयडी कंट्रोलर (हीटरची पॉवर नुसती चालू-बंद न करता कमी-जास्त करणारा) बसवला तर हे तिन्ही त्रास जातील का, आणि त्याच्या मेनूतल्या एवढ्या फंक्शनपैकी कामाची कोणती?

तिसरा त्रास जाईल. पहिले दोन जाणार नाहीत, कारण ते कंट्रोलरचे नाहीतच. पॅकिंग मशीनच्या पॅनेलवर माझी वीसेक वर्षं गेली. नवा कंट्रोलर बसवूनही तीच लिकेज राहिलेली मी इतक्यांदा पाहिली आहे, की आता पैसे खर्च करण्याआधी मी माणसाला आधी जॉ उघडायला लावतो.

तुम्हीही एकदा जॉ थंड असताना सोडवून टेबलावर ठेवा. लांबीच्या दिशेने एक आरपार भोक दिसेल, त्यात कार्ट्रिज हीटर, म्हणजे कांडीसारखा हीटर. त्याच्या शेजारी, बहुतेक वेळा मधोमध, एक छोटं भोक, त्यात थर्मोकपलचं, म्हणजे तापमान मोजणाऱ्या सेन्सरचं, टोक. सील मारणारा दातेरी भाग तिथून पंधरा-वीस मिलिमीटर पुढे. कंट्रोलरला जगातली एकच जागा कळते, ती म्हणजे त्या टोकाची. तो तिथलं तापमान १६० ठेवतो आणि त्याचं काम झालं. दातांवर किती आहे, जॉच्या दोन टोकांना किती आहे, हे त्याला कुणी सांगितलेलंच नाही. त्याच्या प्रत्येक फंक्शनचा अर्थ लावताना ही गोष्ट डोक्यात ठेवलीत तर निम्मा मेनू आपोआप समजतो.

आता सकाळचं लिकेज. कार्ट्रिज हीटरच्या दोन्ही टोकांना थोडा भाग मुळात गरम होत नाही, आणि जॉची टोकं ब्रॅकेटला बोल्टने बसलेली असतात, तिथून उष्णता मशीनच्या बॉडीत जाते. म्हणून मध्यावर १६० यायला आठ-दहा मिनिटं लागली तरी टोकं त्या वेळी १३०-१३५ वरच असतात. तुमची पाकिटं कोपऱ्यातच लीक होतात, याचा अर्थ हाच. उपाय म्हणजे आकडा लागल्यावर जॉला मुरू देणं. ज्या कंट्रोलरमध्ये सोक टायमर असतो, त्यात तापमान सेट पॉइंटजवळ (आपण लावलेल्या आकड्याजवळ) आल्यावर वेळ मोजायला सुरुवात होते आणि ठरलेली मिनिटं झाल्यावर एक रिले (विजेने चालणारा स्विच) ओढला जातो. तो रिले मशीनच्या स्टार्टच्या सर्किटमध्ये घाला. १५ मिनिटांपासून सुरुवात करा, नंतर तुमच्या जॉप्रमाणे कमी करा. सोक टायमर नसेल तर पीएलसीमध्ये (मशीन चालवणाऱ्या छोट्या संगणकात) हेच चार ओळींत होतं. नाहीतर सात वाजता येणाऱ्या ऑपरेटरऐवजी साडेसहाला येणाऱ्या वॉचमनकडून हीटरचा स्विच चालू करून घ्या, फक्त पुढे सांगितलेली सुरक्षा आधी बसवा. पुढच्या वेळी हीटर मागवाल तेव्हा टोकांना जास्त वॉट असलेला, म्हणजे वाइंडिंग टोकांकडे दाट केलेला, मागा. पुरवठादार बनवून देतात. सकाळच्या लिकेजवर याहून पक्का इलाज मला माहीत नाही.

दुसरा त्रास, थांबल्यानंतरचं करपणं. मशीन मिनिटाला ४० पाकिटं मारतं तेव्हा दर दीड सेकंदाला गार फिल्म येऊन दातांवरची उष्णता घेऊन जाते. त्यामुळे चालू मशीनमध्ये आतलं थर्मोकपलचं टोक १६० आणि दात, समजा, १४८ असा उतार तयार होतो, आणि तुम्ही १६० हा आकडा त्याच परिस्थितीत जुळवलेला असतो. मशीन थांबलं की उष्णता नेणारं कुणी नाही. उतार भरून येतो, दातही १६० च्या जवळ येतात. कंट्रोलरच्या दृष्टीने काहीच बदललं नाही, टोक तेव्हाही १६० आणि आताही १६०. जगातला उत्तमातला उत्तम पीआयडीसुद्धा न दिसलेली गोष्ट सुधारू शकत नाही.

यासाठी लागतो तो दुसरा सेट पॉइंट. बऱ्याच कंट्रोलरना एक डिजिटल इनपुट असतं. त्याच्या दोन तारा जोडल्या गेल्या की कंट्रोलर एसव्ही-१ (पहिला सेट पॉइंट) सोडून एसव्ही-२ (दुसरा) वर जातो. मशीनचा रन सिग्नल तिथे द्या, चालू असताना १६०, थांबलं की १५०. रोल बदलायला पाच मिनिटं लागतात, तेवढ्यात दात चालू अवस्थेतल्या तापमानाच्या आसपास थांबतात. नेमका फरक किती ठेवायचा ते तुमच्या जॉवर ठरेल, पाचापासून पंधरापर्यंत काहीही असू शकतो. जॉ थांबताना उघडे थांबतात ना, तेही बघा. मधे लटकलेली फिल्म नुसत्या धगीनेही आकसते.

मग पीआयडी. तुमचा ऑन-ऑफ कंट्रोलर १६० ला हीटर बंद करतो, पण तोवर हीटरच्या पोटात साठलेली उष्णता अजून लोखंडात यायची असते, म्हणून १६८. खाली येताना उलट, हीटर चालू झाला तरी ती पोचेपर्यंत १५२. हिस्टेरेसिस, म्हणजे हीटर बंद आणि चालू होण्याच्या आकड्यांमधलं अंतर, २ अंशांवरून १ केलीत तरी हा झोका जात नाही, कारण तो हिस्टेरेसिसचा नाही, उष्णता पोचायला लागणाऱ्या वेळाचा आहे. पीआयडीमध्ये सेट पॉइंटच्या जवळ येताना पॉवर आधीच कमी व्हायला लागते. प्रपोर्शनल बँड म्हणजे ती कमी होण्याची सुरुवात किती अंश आधी. इंटिग्रल उरलेला दोन-तीन अंशांचा फरक हळूहळू भरून काढतो. डेरिव्हेटिव्ह तापमान किती वेगाने चढतंय ते पाहून आधीच ब्रेक मारतो. सीलिंग जॉवर इंटिग्रल फार आक्रमक ठेवू नका. जॉ गार असताना सुरू केलं की तो फरक साठवत जातो आणि आकडा १६० ओलांडून पुढे पळतो. चांगले कंट्रोलर बँडच्या बाहेर इंटिग्रल गोठवतात, स्वस्तातल्यांचा भरवसा नाही.

हे आकडे हाताने काढायची गरज नाही. झीग्लर आणि निकोल्स यांनी १९४२ मध्ये दिलेली पद्धत कागद-पेन्सिलची होती, लूपला (हीटर, सेन्सर आणि कंट्रोलरच्या साखळीला) मुद्दाम झोके घ्यायला लावायचे आणि झोक्याच्या वेळेवरून तिन्ही आकडे काढायचे. १९८४ मध्ये ऑस्ट्रॉम आणि हेग्लुंड या स्वीडनच्या दोघांनी तेच काम रिलेसारखं चालू-बंद करून सुरक्षितपणे होतं हे दाखवलं, आणि पीआयडी कंट्रोलरमधलं ऑटो-ट्यून (हे आकडे आपोआप काढणारं फंक्शन) त्याच जातीचं असतं. ते कधी करायचं हे मात्र महत्त्वाचं. लोक नवा कंट्रोलर बसवतात, थंड जॉवर ऑटो-ट्यून दाबतात आणि चहाला जातात. तसं करू नका. दोन्ही जॉ मुरू द्या, मशीन टाकाऊ रोलवर नेहमीच्या स्पीडला चालवा, आणि मग एकेका जॉचं ट्यून करा. म्हणजे फिल्मने नेलेली उष्णताही हिशेबात येते. ट्यून चालू असताना तापमान मुद्दाम खालीवर जाणार, ती पाकिटं मालात जाऊ देऊ नका.

पीआयडी घेताना आउटपुट एसएसआरचा (सॉलिड स्टेट रिले, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विच) घ्या. याचं कारण साध्या हिशेबात आहे. पीआयडी एका ठरावीक सायकलमध्ये हीटर काही टक्के वेळ चालू ठेवतो. सायकल २ सेकंदांची ठेवली आणि आउटपुट रिले असला, तर तासाला १८०० वेळा, आठ तासांच्या शिफ्टला १४,४०० वेळा टकटक. पूर्ण लोडवर साधारण एक लाख वेळा चालणारा रिले सात शिफ्टमध्ये संपला. सायकल २० सेकंद केलीत तर रिले दहापट टिकेल, पण जॉसारख्या लहान लोखंडात २० सेकंदांत तापमान पुन्हा डोलायला लागतं. एसएसआरला हलणारा भाग नाही. आपल्या ५० हर्ट्झ विजेत सेकंदाला १०० अर्धी आवर्तनं असतात. झीरो क्रॉसिंगचा (व्होल्टेज शून्यावर असतानाच चालू होणारा) एसएसआर १ सेकंदाच्या सायकलमध्ये ३५ टक्के म्हटलं तर त्यातली ३५ देतो. म्हणून सायकल टाइम १ ते २ सेकंद, निर्धास्त. फक्त त्याला हीट सिंक द्या, दर अँपिअरला एक-सव्वा वॉट तो स्वतः तापतो, आणि बंद पॅनेलमध्ये मे महिन्यात ते सोसत नाही.

एसएसआरचा एक मोठा दोष जो कुणी विकताना सांगत नाही: तो बिघडतो तेव्हा बहुधा शॉर्ट होतो. म्हणजे कंट्रोलर आउटपुट शून्य टक्के दाखवतोय आणि हीटर पूर्ण चालू. त्याला कंट्रोलरचं कुठलंही ट्यूनिंग वाचवत नाही. म्हणून एसएसआरच्या आधी एक कॉन्टॅक्टर (हीटरची वीज तोडणारा मोठा स्विच) हवाच, आणि तो हाय अलार्मने (तापमान मर्यादेवर गेल्याच्या अलार्मने) पडला पाहिजे. अलार्म लॅचिंगचा ठेवा, म्हणजे गार झाल्यावर तो स्वतःहून पुन्हा चालू होणार नाही, माणसाने येऊन रीसेट करायचा. अलार्म रिलेची दिशा उलटी ठेवा, सगळं ठीक असताना तो ओढलेला. तार तुटली, कंट्रोलरची वीज गेली, तरी कॉन्टॅक्टर पडतो. यासाठी मी वेगळं स्वस्त ओव्हर-टेंपरेचर युनिट, त्याचा वेगळा थर्मोकपल घालतो. ज्या सेन्सरमुळे आग लागणार त्याच सेन्सरला पहारेकरी नेमून काय उपयोग?

हे मी पुस्तकातून सांगत नाही. एका मसाल्याच्या कारखान्यात रात्रपाळीला फोन आला, मशीनमधून धूर येतोय. जाऊन पाहिलं तर मागच्या जॉचा थर्मोकपल धक्क्यांनी बेयोनेटमधून (फिरवून अडकवायच्या टोपीतून) सुटून बाहेर लोंबत होता. कंट्रोलर ७२ दाखवत होता, आउटपुटचा दिवा न विझता लागलेला, आणि जॉच्या पितळेचा रंग बदलून तपकिरी-निळा झालेला. टेफ्लॉनच्या कापडाची राख होऊन ते कडेला गुंडाळलं गेलं होतं. टेफ्लॉन २६० पर्यंत सोसतं, त्याच्या बरंच वर गेलं की त्याचा धूर माणसाला ताप आणतो. तिथला ऑपरेटर, वीस-बावीस वर्षांचा मुलगा, दोन तास त्या धुरात कंट्रोलरचा आकडा वाढायची वाट पाहत उभा होता, कारण त्याला सांगितलं होतं की १६० आल्याशिवाय मशीन सुरू करायचं नाही. दुसऱ्या दिवशी तो तापाने घरी होता. तुटलेला थर्मोकपल कंट्रोलरला लगेच कळतो, आकडा वर उडतो आणि हीटर बंद होतो. पण भोकातून निसटलेला किंवा तारा वाटेत शॉर्ट झालेला थर्मोकपल तुटलेला नसतो. तो जिथे आहे तिथलं तापमान प्रामाणिकपणे सांगत राहतो. त्यासाठीच लूप ब्रेक अलार्म असतो: आउटपुट १०० टक्के असून ठरलेल्या वेळात तापमान ठरलेल्या अंशांनी वाढलं नाही, तर काहीतरी चुकलंय. फॅक्टरीतून येताना हे फंक्शन बहुतेक वेळा बंद असतं. ते चालू करा. तुमच्या जॉला गार असताना १० अंश चढायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून मोजा, आणि त्याच्या दुप्पट वेळ त्यात घाला.

सेन्सरचा प्रकारही पहिल्याच दिवशी तपासा. जे आणि के हे थर्मोकपलचे दोन प्रकार दिसायला सारखे, आणि मेनूत चुकीचा निवडला तरी आकडा अगदी खराच वाटतो. सेन्सर के आणि कंट्रोलरमध्ये जे निवडलेला असेल, तर पडद्यावर १६० असताना जॉ प्रत्यक्षात २०० च्या थोडा वर असतो. उलट झालं तर १६० दिसत असताना खरे १३० च्या आसपास. लोक मग सेट पॉइंट वाढवत-कमी करत ‘या मशीनला १९५ च लागतात’ असा निष्कर्ष काढतात आणि तो पिढ्यान्‌पिढ्या चालतो. तशीच थर्मोकपलची तार. लांबी कमी पडली म्हणून वायरमनने जंक्शन बॉक्सपासून साधी तांब्याची तार ओढली, आणि बॉक्स मशीनजवळ ५५ अंशांवर, पॅनेल ३५ वर, तर कंट्रोलर २० अंश कमी दाखवणार आणि तेवढाच जॉ जास्त तापवणार. थर्मोकपलच्याच प्रकाराची कॉम्पेन्सेटिंग केबलच वापरा, आणि ती हीटरच्या तारांबरोबर एकाच पाइपातून नेऊ नका.

हे सगळं नीट केल्यावरच ऑफसेटला हात लावा. पीव्ही (मोजलेलं तापमान) ऑफसेट म्हणजे दाखवलेल्या आकड्यात ठरावीक अंश मिळवणं. दातांवर पातळ सरफेस प्रोब टेकवून मोजा आणि मग ठरवा. चकचकीत जॉवर इन्फ्रारेड गन मारू नका, चमकत्या धातूवर ती खूप कमी दाखवते. टेफ्लॉन कापडावर मारलीत तर बरं उत्तर येतं. माझं मत, ऑफसेट शून्य ठेवून फरक वहीत लिहिलेला बरा. दहा अंशांचा ऑफसेट घालून ठेवला की पुढच्या माणसाला सेन्सर सैल झाल्याचं कळतच नाही.

बँड अलार्मचे (तापमान ठरलेल्या पट्ट्याबाहेर गेलं की वाजणाऱ्या अलार्मचे) आकडे अंदाजाने टाकू नका, ते फिल्म सांगते. स्पीड आणि जॉचा दाब तोच ठेवून १३५ पासून पाच-पाच अंशांनी वर जा. प्रत्येक तापमानाची पाच पाकिटं काढा, सीलमधून १५ मिलिमीटर रुंद पट्टी कापून हाताने ओढा, स्प्रिंगचा काटा असेल तर फारच छान. खालच्या तापमानाला सील सोलून निघतं, मग एक पट्टा येतो जिथे सील सुटत नाही, फिल्मच ताणते किंवा फाटते, आणि त्याच्यावर सील आकसतं, कडा ठिसूळ होते. समजा तो मधला पट्टा १५० ते १७० निघाला. सेट पॉइंट १६०, बँड अलार्म दोन्हीकडे ७, आणि तो अलार्म वाजवण्यापुरता नको, मशीन थांबवणारा हवा. अलार्मला स्टँडबाय सीक्वेन्स लावा, म्हणजे सकाळी गार असताना तो ओरडत बसणार नाही, एकदा पट्ट्यात आल्यानंतरच लक्ष ठेवायला लागेल. फिल्मचा पुरवठादार बदलला की ही चाचणी पुन्हा.

आता माझी सर्वांत आवडती, आणि जवळपास कुणीच न बघणारी गोष्ट: आउटपुट टक्के. पीआयडी कंट्रोलरवर एक बटण दाबलं की हीटर सध्या किती टक्के चालतोय ते दिसतं. नेहमीच्या स्पीडला स्थिर चालताना ते, समजा, ३५ असतं. ते शिफ्टच्या वहीत लिहायला लावा. ज्या जॉत दोन हीटर समांतर आहेत तिथे एक जळला तर तापमान जागेवरच राहतं, पण टक्के ३५ वरून थेट ७० च्या आसपास जातात. आकडा १६० असतो, सगळे खूश असतात आणि एका बाजूचं सील मात्र कच्चं. हळूहळू चढत गेले तर हीटर भोकात सैल झालाय किंवा टर्मिनल काळं पडलंय. करंट ट्रान्सफॉर्मरवाला (हीटरचा करंट मोजणारा) हीटर ब्रेक अलार्म हेच काम आपोआप करतो, पण त्याला पैसे पडतात आणि वहीला पेन पुरतं. हे टक्के माहीत असले तर आणखी एक सोय होते. रात्री दोनला थर्मोकपल गेला आणि उरलेला माल संपवायचाच आहे, तर कंट्रोलर मॅन्युअलवर टाकून आउटपुट ३५ द्या आणि मशीनजवळून हलू नका.

पावसाळ्याबद्दल एक. कार्ट्रिजमधली मॅग्नेशियम ऑक्साइडची भुकटी ओलावा ओढते. चार दिवस बंद राहिलेल्या मशीनवर सोमवारी अर्थ लीकेज ब्रेकर पडतो आणि हीटर जळाला म्हणून फेकला जातो. ज्या कंट्रोलरमध्ये सॉफ्ट स्टार्ट आहे त्यात पहिली दहा-पंधरा मिनिटं आउटपुट १५-२० टक्क्यांवर रोखता येतं. ओलावा थोडाच असेल तर तेवढ्यात तो निघून जातो आणि पुढे पूर्ण पॉवरवर ब्रेकर पडत नाही. सॉफ्ट स्टार्टवरही ब्रेकर पडत असेल तर हीटर काढून ओव्हनमध्ये सुकवा आणि मेगरने (इन्सुलेशन तपासण्याच्या मीटरने) मोजा. ब्रेकर काढून थेट जोडणारे वायरमन मी पाहिले आहेत. तसं कधीही करू देऊ नका, जॉला रोज माणसाचा हात लागतो.

म्हणून तुमच्यासाठी माझी खरेदीची यादी छोटी आहे: एसएसआर आउटपुट, दोन अलार्म रिले, दुसऱ्या सेट पॉइंटसाठी डिजिटल इनपुट, लूप ब्रेक अलार्म, आणि पॅरामीटर लॉक. लॉक लावा आणि ऑपरेटरला १५५ ते १६५ एवढीच मोकळीक सेट पॉइंटच्या मर्यादेतून द्या. दोन जॉना दोन वेगळे कंट्रोलर, एका सेन्सरवर दोन्ही चालवू नका. रॅम्प, आठ-आठ स्टेपचे प्रोग्रॅम, रिमोट सेट पॉइंट हे भट्टीवाल्यांचं सामान, तुम्हाला त्याचे पैसे द्यायची गरज नाही. मॉडबस (आकडे संगणकाकडे पाठवण्याची सोय) असेल तर असू दे, पुढे तापमानाची नोंद मागणारा मोठा ग्राहक आला की कामी येईल. पण दुकानात जायच्या आधी या रविवारी जॉ सोडवा, थर्मोकपलचं टोक भोकाच्या तळाला टेकतंय का ते बघा, त्याची स्प्रिंग बदला, आणि सोमवारी जुन्याच कंट्रोलरवर वीस मिनिटं जॉ मुरवून पहिली पन्नास पाकिटं पाण्यात दाबून पाहा.